ब्रिटिश घरांतून हरवलेल्या वस्तू आणि रीती: तुम्ही काय पाहिलंत, काय ऐकलंत?

सायंतारा

नमस्कार मंडळी,

मी उत्तर इंग्लंडमधल्या रॉचडेलमध्ये गेली सतरा वर्षं कम्युनिटी नर्स आहे. रोज गाडी काढायची आणि घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची ड्रेसिंगं करायची, इन्सुलिन द्यायचं, दोन शब्द बोलायचे. गेल्या पंधरवड्यात एक प्रसंग घडला आणि तेव्हापासून हा धागा डोक्यात घोळतोय.

नव्वदी ओलांडलेल्या एक आजी आहेत. पायाचं ड्रेसिंग झालं, मी हात धुवायला गेले, तेवढ्यात त्यांनी सिंकखालच्या कपाटातून एक वडी काढून माझ्या हातावर ठेवली. कपड्यांच्या साबणाएवढी, मळकट पिवळी, पण हाताला खरखरीत आणि चांगलीच जड. एका बाजूला सिंहाचा छाप. "डाँकी स्टोन," आजी म्हणाल्या. छाप सिंहाचा आणि नाव गाढवाचं कसं, हे नंतर कळलं. मँचेस्टरच्या एका जुन्या कारखान्याच्या वडीवर गाढव असायचं, त्यावरून सगळ्याच वड्यांना ते नाव पडलं. सिंहछाप वडी जवळच्या अॅश्टन-अंडर-लाइनची. तो कारखाना १९७९ साली बंद झाला.

दगडाची भुकटी, सिमेंट आणि ब्लीच एकत्र दाबून केलेली ही वडी. आधी ती कापडगिरण्यांत वापरत, कारण तेलकट झालेल्या दगडी पायऱ्यांवरून कामगार घसरायचे. तिथून ती गिरणीतल्या बायकांबरोबर घरी आली. दाराची पायरी घासूनपुसून झाली की ओल्या कडेवर या वडीने पट्टी ओढायची. आजींनी मला मागच्या दाराशी नेऊन ते करायला लावलं. "कडेलाच ओढ, सरळ!" ओलं होतं तोवर काहीच दिसेना. पायरी वाळत गेली तशी सायीच्या रंगाची रेघ उमटत गेली. तांदळाच्या पिठाची ओली रांगोळी वाळताना उमटते ना, अगदी तशी. मी तिथेच उकिडवी बसून राहिले.

ही वडी विकत क्वचितच घ्यायचे. रॅग-अँड-बोन मॅन घोडागाडी घेऊन गल्लीत यायचा, त्याला जुने कपडे द्यायचे आणि बदल्यात वडी घ्यायची. आपल्या बोहारणीची सख्खी बहीणच ही.

आता मला काय वाटतं ते सांगते. ब्रिटिश घरांतून जे जे गेलं, त्यातलं निम्मं तरी एकट्या कोळशाच्या मागोमाग गेलं. माझ्या भागातल्या चाळीवजा घरांत, म्हणजे टेरेस्ड घरांत, ऊब एकाच खोलीला. तिथे कोळशाची शेगडी. तिचं लोखंड दर आठवड्याला काळ्या ग्रॅफाइटने घासून चकचकीत करायचं. शेगडी पेटत नसेल तर वर्तमानपत्राचं अख्खं पान तिच्या तोंडावर ताणून धरायचं, म्हणजे हवा खालून ओढली जाते. आजी सांगतात, आत धडधडायला लागलं की कागद मधोमध तपकिरी व्हायचा आणि तो पेट घ्यायच्या आत झटकन काढायचा. कागद कोणी धरायचा यावरून भावंडांची भांडणं.

बाकीचं सगळं या एका शेगडीभोवती. शनिवारी भिंतीवरच्या खिळ्यावरचा पत्र्याचा टब उतरवून शेगडीपुढे आंघोळ, आणि एकाच पाण्यात एकामागून एक सगळी पोरं. लांब दांड्याच्या काट्यावर पाव भाजणं, त्यावर रविवारच्या मांसाची गोठलेली चरबी आणि मीठ. वरच्या खोल्या इतक्या गार की सकाळी काचेला आतून बर्फाची नक्षी. म्हणून चारचार ब्लँकेटं, त्यावर पिसांची रजई, पायाशी चिनीमातीची गरम पाण्याची बाटली. बाहेर काजळी, म्हणून रोज पायरी घासायची आणि सारखे जाळीचे पडदे धुवायचे.

मग डिसेंबर १९५२ मध्ये लंडनला पाच दिवस कोळशाच्या धुराचं ते जीवघेणं धुकं पडलं. १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा आला, नगरपालिका धूरबंदीचे भाग ठरवायला लागल्या, शेगड्या बदलायला अनुदान मिळालं. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत देशातल्या घराघरांतली गॅसची उपकरणं उत्तर समुद्रातल्या गॅससाठी बदलून दिली गेली. पाठोपाठ सेंट्रल हीटिंग आलं. वरच्या खोल्या उबदार झाल्या तशी ब्लँकेटं जाऊन डुव्हे, म्हणजे एकेरी जाड दुलया, आल्या, आणि पोरं शेगडीपाशी बसायच्या ऐवजी आपापल्या खोलीत बसायला लागली.

तुमच्याकडे काय आहे? शेजाऱ्यांकडून, सासरच्यांकडून, घरमालकिणीकडून ऐकलेलं सगळं लिहा. ही माणसं आता झपाट्याने कमी होत चालली आहेत.

जुना_पार्लेकर

सायंताराताई, फार चांगला विषय काढलात. मी १९६८ च्या ऑक्टोबरात लंडनला आलो. तुम्ही लिहिलेली शेगडी मी फक्त घरमालकिणीच्या दिवाणखान्यात पाहिली. आम्हा भाडेकरूंच्या खोलीत असायचा गॅस फायर आणि त्याच्या शेजारी मीटर, शिलिंगचं नाणं खाणारा.

नाणं खाचेत घालायचं, मूठ फिरवायची, नाणं आत टण्णकन पडायचं आणि मग फायर पेटवायचा. रात्री अभ्यासाला बसलं की ज्योत निळी-निळी होत खाली बसायची आणि आम्ही तिघेही खिसे चाचपायचो. शिलिंग संपले असतील तर ओव्हरकोट घालून झोपायचं. दुकानदार सुटे द्यायला कां कूं करायचे, कारण शिलिंग सगळ्यांनाच हवे असायचे. आमच्या टेबलावर एक कपबशी होती, तिच्यातल्या शिलिंगला कोणी दुसऱ्या कामासाठी हात लावायचा नाही.

तीन महिन्यांनी मीटरवाला यायचा. पत्र्याची पेटी उघडून सगळी नाणी टेबलावर ओतायचा आणि दोन्ही हातांनी चळती लावायचा, इतक्या भराभर की बघत राहावं. मीटरचा दर मुद्दाम थोडा चढा लावलेला असायचा, म्हणून हिशेब झाला की उरलेली रक्कम तो परत द्यायचा. त्या दिवशी घरमालकीण खुशीत. आमच्या वाट्याचे पैसे ती प्रामाणिकपणे दारात आणून द्यायची आणि त्या रविवारी आम्ही मटण आणायचो.

१५ फेब्रुवारी १९७१ ला नाणी बदलली, बारा पेनींचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड गेला. आमची धास्ती मीटरची. पण नवं पाच पेन्सचं नाणं हुबेहूब शिलिंगच्याच मापाचं होतं, मीटर तसाच चालू राहिला.

आंघोळीचं सांगायचं तर आमच्या घरात टबच नव्हता. शनिवारी नगरपालिकेच्या स्नानगृहात जायचं. तिथे ओळीने खोल्या, प्रत्येकीत टब. पाणी सोडायची चावी बाहेर, सेवकाच्या हातात. आतून ओरडायचं, "पाच नंबर, गरम सोडा!" पहिल्यांदा माझ्या तोंडून आवाजच फुटेना. पार्ल्याला बंबाच्या पाण्याने रोज आंघोळ करणारा मुलगा मी. आठवड्यातून एकदाच आंघोळ, हे आईला पत्रात कधी लिहिलं नाही.

गोदाकाठ

काका, डोळ्यांसमोर उभं केलंत सगळं.

माझी भर निळीची. मी हल शहरात राहते. रेकिट या कंपनीचं नाव इथलं, १८४० पासूनचं. त्यांची निळीची पुडी, म्हणजे फडक्यात बांधलेली छोटी गोटी, इथे प्रत्येक घरात सोमवारी निघायची. सोमवार धुण्याचाच. तांब्याच्या मोठ्या हंड्यात कपडे उकळायचे, लाकडी दांड्याने घुसळायचे, शेवटच्या पाण्यात नीळ फिरवायची आणि मँगलमधून, म्हणजे दोन लाकडी रुळांच्या हातयंत्रातून, पिळून काढायचे. बाईला त्या दिवशी स्वयंपाकाला सवडच नसायची, म्हणून रविवारी भाजलेलं मांस सोमवारी गारच वाढायचं. माझ्या सासूबाई, त्या यॉर्कशरच्या, अजूनही सोमवारी गार मांस आणि बटाटे करतात. धुण्याचं यंत्र आलं, पण सोमवारचं ताट बदललं नाही.

आणि आता ऐका. माझी आई नाशिकला आयुष्यभर रॉबिनची नीळ वापरायची. ती रॉबिन याच रेकिटची! लग्न होऊन आले त्या वर्षी हे कळलं तेव्हा मी आईला रात्री फोन केला होता. तिला काही विशेष वाटलं नाही, मला मात्र या परक्या गावात पहिल्यांदाच काहीतरी ओळखीचं सापडलं होतं.

लेक डिस्ट्रिक्टमध्ये बॅकबॅरो नावाचं गाव आहे. तिथेही नीळ बनायची, १९८१ पर्यंत. आता त्या जागी मोटारींचं संग्रहालय आहे. जाणं झालं तर बघा.

विदा

छान धागा. पण सायंतारा, कोळशाचा मुद्दा मला पूर्ण पटत नाही. माझ्या मते फ्रिज आणि सुपरमार्केट यांनी जास्त बदल केला.

दूध घ्या. पहाटे विजेवर चालणारी गाडी गुणगुणत यायची, दारात काचेच्या बाटल्या ठेवून जायची. रिकामी बाटली विसळून बाहेर ठेवायची आणि तिच्या तोंडात चिठ्ठी खोचायची: उद्या दोन, शनिवारी क्रीम. झाकणाच्या रंगावरून दूध ओळखायचं, सोनेरी म्हणजे सगळ्यात दाट. हे रोज का आणायचं, तर ठेवायला फ्रिज नव्हता. थंड फरशीचं कोठीघर आणि जाळीचं कपाट, एवढंच. फ्रिज आला, आठवड्याचं दूध प्लॅस्टिकच्या कॅनमधून सुपरमार्केटातून यायला लागलं आणि दूधवाल्याचा फेरा थांबला. यात कोळसा कुठे आला?

या बाटल्यांची एक गोष्ट मला फार आवडते. ब्लू टिट नावाचा चिमुकला पक्षी बाटलीचं झाकण चोचीने फोडून वरची साय खायला शिकला. पहिली नोंद १९२१ ची, साउदॅम्प्टनजवळच्या स्वेदलिंगची. पुढे देशभरचे पक्षी तेच करायला लागले. आता दारात बाटली नाही आणि दुधावर सायही धरत नाही. माझ्या अंगणात हे पक्षी रोज येतात, पण झाकण फोडायची विद्या त्यांच्यातून गेली.

आणखी एक: बायका नोकरीला लागल्या. दिवसा दार उघडायला घरी कोणी नसेल तर दूधवाला, पाववाला, विम्याचा हप्ता नेणारा, भाडं वसूल करणारा, हे सगळे कुणासाठी येणार?

सायंतारा

विदा, दुधाचं मान्य. आणि बायकांच्या नोकरीचा मुद्दा तर मी सुरुवातीलाच मांडायला हवा होता. फक्त एक सांगते. लँकेशरच्या गिरण्यांत बायका शंभर वर्षं आधीपासून नोकरी करत होत्या, आणि तरीही पायरी घासून मगच पाळीला जायच्या. वेळ नव्हता म्हणून पट्टी थांबली असं निदान इथे तरी म्हणता येत नाही. गल्ली बघत होती तोवर पट्टी होती. आजी म्हणतात, जिची पायरी काळी तिच्या घरी काहीतरी बिनसलंय असं समजून शेजारीण दार ठोठवायची.

ग्लासगोकर

तुमच्या पायरीची स्कॉटिश आवृत्ती सांगतो.

इथे टेनेमेंट, म्हणजे दगडी चारमजली इमारती. जिना सगळ्यांचा. तो धुवायची पाळी लावलेली असायची आणि ज्या घराची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला एक पुठ्ठ्याची पाटी अडकवायची: 'जिना धुण्याची पाळी तुमची.' धुऊन झालं की पाटी शेजारच्या दाराला. माझ्या इमारतीतल्या बाईंकडे ती पाटी अजून आहे, दोऱ्यासकट.

धुतलेल्या पायरीच्या दोन्ही कडांना पांढऱ्या मातीच्या खड्याने नक्षी काढायचे. नागमोडी रेघा, वेटोळी, साखळ्या. प्रत्येक बाईचा हात वेगळा, नक्षीवरून ओळखू यायचं आज कोणाची पाळी होती. मी हे पहिल्यांदा एका जुन्या फोटोत पाहिलं आणि बायकोला हाक मारली. ती कोल्हापूरची. ती म्हणाली, ही तर उंबऱ्यावरची रांगोळी. आम्ही त्या बाईंना दिवाळीत बोलावलं, बायकोने दारात ठिपके मांडून दाखवले. बाई गुडघे धरत खाली बसल्या, खडू मागून घेतला आणि बाजूला आपली साखळी काढली. सत्तर वर्षांनी काढली म्हणाल्या, पण रेघ एकदाही उचलली नाही.

आणि छताची पुली! लाकडी पट्ट्यांचा सांगाडा दोरीने वर चढवायचा, स्वयंपाकघराच्या उबेत कपडे वाळतात. आमच्या घरात होता, मागच्या मालकाने तो काढून टाकला होता. आम्ही परत बसवला.

श्वास

सगळे प्रतिसाद वाचले. मी फुफ्फुसविकारांची डॉक्टर आहे, म्हणून दुसरी बाजू लिहिल्याशिवाय राहवत नाही.

१९५२ च्या धुक्याने तेव्हाच्या सरकारी अंदाजाप्रमाणे ४,००० माणसं गेली, नंतरच्या अभ्यासांनी तो आकडा १२,००० पर्यंत नेला. पाच दिवसांची ही गोष्ट. रोजच्या काजळीने जे झालं ते वेगळंच. माझ्याकडे ऐंशी-पंच्याऐंशीचे रुग्ण येतात, त्यांना लहानपणीचा खोकला विचारला की म्हणतात, "तेव्हा सगळेच खोकायचे." शेगडी आठवताना त्यांचे डोळे चमकतात हे मीही पाहते. पण ती राख रोज पहाटे कोण काढत होतं? हंड्याखालचा जाळ, उकळत्या चादरी, मँगलची मूठ, हे सगळं एका बाईच्या अंगावर. मँगलमध्ये बोटं चिरडलेल्या आज्या मी पाहिल्या आहेत. इंग्लंडमध्ये घरगुती दगडी कोळशाची विक्री मे २०२३ पासून पूर्ण बंद झाली, त्या दिवशी मला मनापासून बरं वाटलं.

आठवणी जपाव्यात. शेगडी परत येऊ नये.

सायंतारा

श्वासताई, एक शब्दही खोडण्यासारखा नाही. आजींची एक बहीण न्यूमोनियाने गेली, चार वर्षांची. ते त्यांनी मला वडी दाखवली त्याच दिवशी सांगितलं होतं, मी मूळ लेखात लिहायला धजले नाही.

रॉचडेलचं म्हणून एक सांगते. २१ डिसेंबर १८४४ ला इथल्या टोड लेनवर विणकर वगैरे मंडळींनी मिळून दुकान काढलं, तेच सहकारी दुकानांचं मूळ. ती इमारत आज संग्रहालय आहे. खरेदीवर सभासदाला नफ्याचा वाटा मिळायचा, त्याला 'डिव्ही' म्हणायचे. पोराला दुकानात पाठवलं की काउंटरवर आईचा सभासद क्रमांक सांगायचा. चुकला तर आईचे पैसे दुसऱ्याच्या खाती, म्हणून तो घोटून घेतलेला असायचा.

माझे एक रुग्ण आहेत, स्मृतिभ्रंशाचे. मुलीला ओळखत नाहीत. गेल्या हिवाळ्यात इंजेक्शन देताना मन दुसरीकडे वळवावं म्हणून मी विचारलं, आईचा डिव्ही नंबर काय होता? पाचही आकडे खणखणीत सांगितले, आणि पुढे म्हणाले, "आणि एक पौंड साखर." मुलगी दारात उभी होती. तिने तो नंबर लिहून घेतला.

जुना_पार्लेकर

ताई, हे वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही.

एक रीत राहून गेली. गल्लीत कोणी वारलं की अंत्ययात्रेच्या दिवशी दोन्ही बाजूंच्या सगळ्या घरांचे पुढचे पडदे ओढलेले. गाडी जाताना रस्त्यावरचे पुरुष टोपी काढून थांबायचे, बसचे कंडक्टरसुद्धा. १९६९ साली आमच्या घरमालकिणीचे यजमान गेले तेव्हा मी पडदे ओढले नाहीत, मला ठाऊकच नव्हतं. समोरच्या बाईंनी येऊन हळू आवाजात सांगितलं आणि स्वतःच ओढून गेल्या. गेल्या वर्षी त्याच गल्लीजवळ अंत्ययात्रा पाहिली. मागची मोटार हॉर्न वाजवत होती.

नवा_उंबरठा

मी पहिल्यांदाच लिहितोय. आम्ही मागच्याच महिन्यात ओल्डहॅमला जुनं टेरेस्ड घर घेतलं. मागच्या अंगणात विटांची एक चिंचोळी खोली आहे, आत भिंतीत एक खिळा. आणि अंगणाच्या भिंतीत मागच्या बोळाच्या बाजूने दोन झडपा आहेत, एक छातीच्या उंचीवर आणि एक अगदी जमिनीलगत. दोन्ही रंगाने बसल्या आहेत. मिस्त्री म्हणतो विटांनी बुजवून टाकू. हे नक्की काय आहे?

सायंतारा

स्वागत! आणि मिस्त्रीला थांबवा.

ती खोली म्हणजे संडास. खिळ्याला वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे दोऱ्यात ओवून टांगलेले असायचे. नंतर तो चकचकीत, कडक कागद आला, ज्याच्या नावाने आजही माझे रुग्ण तोंड वाकडं करतात. खालची झडप बहुतेक बादलीची. आत बसायच्या फळीखाली बादली ठेवलेली असायची आणि नगरपालिकेची माणसं बोळातूनच ती ओढून भरलेली न्यायची, धुतलेली ठेवायची. या व्यवस्थेला आमच्याच गावाचं नाव आहे, रॉचडेल पद्धत, १८६९ ची. सुरुवातीच्या बादल्या रॉकेलची ओकची पिंपं अर्धी कापून केलेल्या.

वरची झडप कोळशाची. कोळसेवाला पन्नास किलोंचं पोतं पाठीवर घेऊन बोळातून यायचा आणि तिथून आत ओतायचा. घरातल्या पोराला आत उभं राहून पोती मोजायला सांगायचे, एखादं कमी पडू नये म्हणून. झडपेच्या आत खाली कोनाडा किंवा विटांचा हौद असेल, बघा.

कडेला गरम हवेचं यंत्र फिरवून रंग मऊ करा. जुना रंग शिशाचा असू शकतो, तोंडाला मास्क लावा आणि मुलांना लांब ठेवा.

नवा_उंबरठा

ताई, आज शनिवारी दिवसभर हेच केलं. खालची झडप आतून आधीच बुजवलेली आहे. वरची संध्याकाळी उघडली. आत विटांचा हौद आहे, कमरेएवढा. तळाशी कोळशाची चुरी अजून आहे, साधारण घमेलंभर, आणि तिच्यात एक छोटा खडा सापडला, मळकट पांढरा, एका बाजूने झिजून गोल झालेला. छाप काही दिसत नाही. दारातल्या पायरीवर पाणी टाकून कडेला ओढून बघितला. आता वाळायची वाट बघतोय.